मतांचा जोगवा

मंडळाचे सभासद एकमेकांकडे काय काय मागतात याची यादी केली तर ती मोठी मजेशीर होईल. मुंबईहून एकट्या येणाऱ्या आईला विमानात सोबत, पन्नास माणसांचा मसालेभात शिजेल एवढं पातेलं, गणपतीच्या आराशीला हात, सत्यनारायणाला गुरुजी. या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या मागणीची भर पडली आहे, ती म्हणजे मताची. हे मत निवडणुकीतलं नव्हे, सहलीच्या स्पर्धेतलं!

"नमस्कार मंडळी, आमच्या भाचीची अमुक स्पर्धेत निवड झाली आहे. पहिलं बक्षीस दोन माणसांची न्यूझीलंडची सहल. सोबतच्या दुव्यावर घरातल्या प्रत्येकाने रोज एक मत द्यावे आणि निरोप पुढे पाठवावा." असा निरोप महिन्यातून एखादा तरी येतोच. आम्ही आणि आमची सौ. दोघेही सकाळच्या चहाबरोबर निमूटपणे मत देऊन टाकतो. भाची कोण, कुठली, तिने केलंय काय, हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं. आपल्या माणसाने सांगितलं ना, मग झालं! आहेराच्या वहीसारखंच हे. आज त्यांच्याकडे आपण लिहायचं, उद्या आपल्याकडे ते लिहितील.

पण आम्ही पडलो इंजिनियर. एखादं यंत्र रोज वापरायचं आणि ते आतून चालतं कसं हे बघायचं नाही, हे जमत नाही. म्हणून या मतांच्या यंत्राचं झाकण जरा उघडून बघावं म्हटलं.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली स्पर्धा २००९ सालची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पर्यटन खात्याने जानेवारीत एक जाहिरात दिली. ग्रेट बॅरिअर रीफमधल्या हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचं, आसपासची बेटं बघायची, पोहायचं, आणि जे दिसेल ते जगाला लिहून कळवायचं. पगार दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर! 'जगातली सर्वोत्तम नोकरी' असं तिचं नाव. साठ सेकंदांच्या चित्रफितीतून आपण कसे योग्य आहोत हे सांगायचं होतं. जवळजवळ दोनशे देशांतून चौतीस हजारांच्या वर अर्ज आले. त्यांतून पन्नास निवडले गेले, आणि शेवटच्या फेरीतली एक जागा लोकांच्या मतांवर ठेवली गेली.

ही जागा तैवानच्या एका तरुणीने दीड लाखाहून अधिक मतं मिळवून जिंकली. अंतिम सोळा जणांपैकी एक म्हणून ती बेटावर मुलाखतीला गेली. नोकरी मात्र मिळाली बेन साउथॉल नावाच्या इंग्रज तरुणाला. मतांनी तिला दारापर्यंत नेलं, आत घेण्याचं काम परीक्षकांनी स्वतःकडे ठेवलं होतं. (आणि 'सर्वोत्तम नोकरी'चे शेवटचे दिवस राहिले असताना साउथॉलला नखाएवढी विषारी इरुकांजी जेलीफिश डसली. तो सुखरूप बरा झाला, पण सर्वोत्तम नोकरीतही असं काहीतरी असतंच!)

मग एवढा खटाटोप कोणासाठी होता? पर्यटन खात्यासाठी, उघड आहे. चौतीस हजार माणसांनी क्वीन्सलँडची फुकट जाहिरात केली. त्याच वर्षी कान येथील जाहिरातींच्या महोत्सवात या मोहिमेने तीन 'ग्रां प्री' पटकावली. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती अशी, की सहलीच्या स्पर्धेत मत हे चलन असतं. आपण भाचीला मत देतो, आणि कंपनीला मिळतो आपला ई-मेलचा पत्ता.

परीक्षक का ठेवतात, यालाही कारण आहे. बक्षीस, नशीब आणि खिशातून द्यावा लागणारा मोबदला हे तीन एकत्र आले की अमेरिकेच्या कायद्याने ती लॉटरी होते, आणि खाजगी कंपनीला लॉटरी काढता येत नाही. म्हणून तर प्रत्येक जाहिरातीत 'खरेदीची आवश्यकता नाही' हे वाक्य बारीक अक्षरांत असतं. नुसत्या मतांवर निकाल लावला तर ती कौशल्याची स्पर्धा की नशिबाचा खेळ, हा वाद वकील उकरून काढू शकतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मतांना काही टक्के आणि परीक्षकांना काही टक्के, किंवा मतांनी पहिले दहा आणि त्यांतून परीक्षकांनी एक, अशी वाटणी असते.

दुसरं कारण म्हणजे लोकांच्या मताची धास्ती. बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी १९५७ साली सिनसिनाटीच्या प्रेक्षकांनी इतकी मतं टाकली, की सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात सिनसिनाटीला गेल्या. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक एरन यांना घेतलं, आणि प्रेक्षकांचा मताचा हक्कच काढून घेतला. तो परत मिळायला १९७० साल उजाडलं. थट्टेचा मासला हवा असेल तर २०१२ सालचा घ्या. वॉलमार्टच्या ज्या दुकानाच्या पानाला फेसबुकवर सर्वांत जास्त पसंती मिळेल तिथे पिटबुल हा गायक जाणार होता. टवाळखोरांनी ठरवून त्याला अलास्कातल्या कोडिअ‍ॅक बेटावर धाडलं! तो मात्र खिलाडूपणे जुलै महिन्यात खरोखरच तिथे जाऊन आला.

आता आपल्या मंडळाकडे वळू. आपल्याला वाटतं, दोनशे कुटुंबं, कुटुंबात चार माणसं, रोज एक मत, म्हणजे महिन्याला चोवीस हजार मतं कुठे गेली नाहीत. कागदावर हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात निरोप उघडणारे निम्मे, पहिल्या दिवशी मत देणारे त्यांच्या निम्मे, आणि आठव्या दिवशी आठवण ठेवणारे म्हणजे उमेदवाराची आई, मावशी आणि एक निवृत्त काका. शिवाय आपण सगळे एकाच डबक्यातले मासे. तोच निरोप आम्हाला मंडळाकडून, मराठी शाळेच्या पालकांकडून, भजनी मंडळाकडून, सौ.च्या पुण्याच्या मैत्रिणीकडून असा सात वेळा येतो. माणूस एकच, मत एकच, निरोप सात!

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, तेव्हा बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधूनच भेटणाऱ्या, दूरच्या ओळखीच्या माणसाकडून कळली होती. कारण सोपं आहे. जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. दूरचा माणूस म्हणजे वेगळ्या वर्तुळात उघडणारं दार. मतांचंही तसंच. मंडळाला दहाव्यांदा आठवण करण्यापेक्षा ऑफिसातली रिसेप्शनिस्ट, मुलांचा सॉकरचा कोच, कोपऱ्यावरचा इथिओपियन दुकानदार यांना एकदा विचारलेलं बरं. पण तिथे आपली जीभ अडखळते. आपल्या माणसाकडे हक्काने मागू, परक्याकडे कसं मागायचं? खरी अडचण इंटरनेटची नव्हे, या संकोचाची आहे.

हे सगळं आम्हाला जवळून बघायला मिळालं ते दोन वर्षांपूर्वी. आमच्या मंडळात वाढलेल्या एका मुलीने एका प्रवासी कंपनीच्या स्पर्धेत भाग घेतला. 'तुमची स्वप्नातली सहल कोणाबरोबर आणि का' या विषयावर लिहायचं होतं. तिने लिहिलं आजोबांबद्दल. आजोबा कराडजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. फळ्यावर नॉर्वेचा किनारा हाताने काढायचे. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी, तिच्यात नंतर समुद्र शिरला. सोन्ये फियोर्ड दोनशे किलोमीटरहून लांब, आत तेराशे मीटर खोल, पण तोंडाशी उथळ. आपली कोकणातली खाडी वेगळी, ती नदीची. असं सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र रत्नागिरीच्या पुढे समुद्र पाहिलेला नाही. वय एकोणऐंशी.

मजकूर चांगला उतरला होता आणि तो शेवटच्या वीसांत आला. पहिल्या तिघांतून परीक्षक एक निवडणार होते, आणि पहिले तीन ठरणार होते मतांवर. चार आठवडे मंडळाने कंबर कसली. कोजागिरीला दूध आटेपर्यंत मतं, पॉटलकला ताट हातात घ्यायच्या आधी मत. शेवटच्या आठवड्यात ती चौथी होती, तिसऱ्यापेक्षा सहाशे मतांनी मागे. आणि तिसऱ्याची मतं रात्री दोन ते चारच्या दरम्यान भराभर वाढत होती.

मंडळातल्या एका हुशार तरुणाने तेव्हा सुचवलं, "हे तर सरळसरळ प्रोग्रॅमचं काम आहे. मीही लिहितो. एका तासाचं काम." त्यात अवघड काही नव्हतं, हे आम्हालाही दिसत होतं. संकेतस्थळ मतदार ओळखायचं ते फक्त ब्राउझरमधल्या कुकीवरून. ती पुसली की तोच माणूस नवा मतदार! आयपी पत्ता तपासणं, ई-मेलवर खात्री करून घेणं, वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावणं, यातलं काहीही नव्हतं. कमिटीत दोन तट पडले. "ते करताहेत, मग आपण का नाही?" आणि "म्हातारा माणूस, उद्या कोणी पाहिलाय?" हे दुसरं वाक्य ऐकल्यावर विरोध करणाऱ्यांच्याही तोंडून शब्द निघेना.

मुलीने कोणाला न विचारता आजोबांनाच फोन लावला. काय बोलणं झालं ते तिने नंतर सांगितलं. आजोबा म्हणाले, "बाळ, मी एकतीस वर्षं पेपरला पहारा केला. कॉपी करणारा नेहमी हेच सांगतो, की पुढच्यानेही केली. नॉर्वे तिथेच आहे, मी आलो नाही म्हणून वाहून जायचा नाही."

प्रोग्रॅम लिहिला गेला नाही. मुलीने त्या चार दिवसांत आपल्या कॉलेजातल्या, कधी बोलणंही झालं नव्हतं अशा मुलामुलींना एकेकाला गाठून तो मजकूर वाचायला दिला. चारशेच्या वर मतं त्यांनी दिली. ती चौथीच राहिली.

इथे 'पण शेवटी मंडळाने वर्गणी काढून' असं काही वाचायला मिळेल अशी अपेक्षा असेल तर तसं झालं नाही. कोणी सुचवलंही, पण आजोबांनी हात जोडले. मात्र आमच्या मराठी शाळेत त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून एक तास घेतला. वहीच्या कागदावर नॉर्वेचा किनारा काढून दाखवला. मराठीत 'हिमनदी' हा शब्द इथे जन्मलेल्या आमच्या पोरांनी पहिल्यांदा ऐकला तो त्या दिवशी. नॉर्वेला आजोबा गेले नाहीत, आता जाण्यासारखी तब्येतही राहिली नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, आणि तरी तो फोन त्यांनी ज्या शब्दांत संपवला त्याबद्दल अभिमानही वाटतो.

तर मंडळी, मत मागू नये असं आमचं म्हणणं नाही. मागावं, पण चार गोष्टी बघून. नियमावली शेवटपर्यंत वाचावी: मतांनी बक्षीस मिळतं की फक्त पुढची फेरी? भाग कोणाला घेता येतो? बऱ्याच स्पर्धा फक्त अमेरिकेच्या कायदेशीर रहिवाशांपुरत्या असतात. सहल 'फुकट' असली तरी तिची बाजारभावाने होणारी किंमत इथे उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर कर भरावा लागतो, हेही आधीच जमेस धरावं. भारतीय पासपोर्ट असेल तर युरोपच्या व्हिसाला लागणारा वेळ मोजावा, आणि एच-वनवर असाल तर परत येतानाच्या शिक्क्याचाही विचार करावा. निरोपात नुसता दुवा पाठवू नये, उमेदवाराने काय केलं आहे तेही दोन ओळींत लिहावं. वाचून दिलेलं मत आणि चहाबरोबर दिलेलं मत यांत फरक आहे, मोजणाऱ्या यंत्राला तो कळत नसला तरी.

आणि एक छोटी विनंती. निकाल काय लागला तेही कळवत चला. मत मागणारे निरोप सात सात येतात, निकालाचा मात्र एकही येत नाही. न्यूझीलंडला भाची गेली की नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही!