दुपारच्या मालिकांना प्रेक्षक परत हवा असेल, तर आधी त्याची दुपार ओळखावी लागेल

खुर्सीपार (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई पोलाद प्रकल्पाचे दिवसाचे चोवीस तास तीन पाळ्यांत विभागलेले आहेत. पहिली पाळी सकाळी ६ ते दुपारी २, दुसरी दुपारी २ ते रात्री १० आणि तिसरी रात्री १० ते सकाळी ६. महामार्गालगतच्या खुर्सीपार या कामगारवस्तीत घरोघरी स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि दूरचित्रवाणी यांच्या वेळा या पाळ्यांनीच ठरतात. मुंबईतील वाहिन्यांच्या कार्यालयात ज्या वेळेला ‘प्राइम टाइम’ म्हणतात, त्या वेळी येथील दुसऱ्या पाळीचा कामगार भट्टीजवळ असतो आणि तिसऱ्या पाळीचा कामगार डबा घेऊन निघण्याच्या तयारीत असतो. अशा घरांत कथा पाहण्याची निवांत वेळ बऱ्याचदा दुपारीच मिळते.

तरीही भारतीय वाहिन्यांनी दुपार बराच काळ पुनःप्रक्षेपणाच्या स्वाधीन केली होती. आदल्या रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवायचा, ही प्रथा स्वस्तातली आहे आणि ती रुळलीही आहे. मात्र गेल्या काही वर्षांत मराठी वाहिन्यांनी दुपारसाठी स्वतंत्र मालिका सुरू केल्या. त्यांतील काही टिकल्या, काही काही महिन्यांतच संपल्या. दुपारचा गेलेला प्रेक्षक परत कसा येतो आणि आल्यावर टिकतो कशाने, या प्रश्नाचे उत्तर या अनुभवांतून बऱ्याच अंशी मिळते.

दुपारची मालिका आली कोठून?

दैनंदिन मालिकेचा जन्म दुपारचाच. अमेरिकेत १९३०च्या दशकात नभोवाणीवर दिवसा चालणाऱ्या कौटुंबिक कथांना साबण उत्पादक कंपन्यांचे प्रायोजकत्व मिळे, कारण घरातील खरेदी करणारी गृहिणी त्या वेळी घरात असे. त्यावरूनच या प्रकाराला ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेली ‘गाइडिंग लाइट’ ही मालिका १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये संपली. सात दशकांहून अधिक काळ ती चालली, यामागे कथेइतकाच सवयीचाही वाटा होता.

भारतात ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ने दीर्घ कौटुंबिक मालिकेची वाट घालून दिली. मात्र ती संध्याकाळची मालिका होती. दुपारचे दार उघडले ते १९९४ मध्ये ‘शांती’ या मालिकेने. मंदिरा बेदी यांनी साकारलेली तिची नायिका पत्रकार होती. पाठोपाठ १९९५ मध्ये ‘स्वाभिमान’ आली. मराठीत दूरदर्शनवरील ‘दामिनी’ या दैनंदिन मालिकेने गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील दुपार बांधून ठेवली. प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली दामिनीही पत्रकारच होती.

हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. दुपारी घरात असलेल्या स्त्रीला घराबाहेर पडणारी, प्रश्न विचारणारी, अन्यायाचा पाठपुरावा करणारी नायिका दाखवणे, ही या मालिकांची मोठी ताकद होती. पुढे संध्याकाळच्या मालिका स्वयंपाकघर, देवघर आणि सासू-सुनेच्या कुरघोड्यांत रमल्या. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांहून अधिक भागांचा पल्ला गाठला, इतकी त्या साच्याला लोकप्रियता मिळाली. परंतु तोच साचा सगळीकडे वापरला गेला, तेव्हा दुपारला स्वतःचा असा चेहरा उरला नाही.

प्रेक्षक दूर का गेला?

पहिले कारण उघड आहे. दुपारी घरात असणाऱ्यांची दिनचर्या बदलली. नोकरी, शिकवण्या, घरगुती व्यवसाय यांमुळे सलग अर्धा तास एका जागी बसणे अवघड झाले. दुसरे कारण मोबाइल. चुकलेला भाग रात्री केव्हाही पाहता येऊ लागल्यावर ठरावीक वेळेचे बंधन सैल झाले. तिसरे कारण अर्थकारणाचे आहे. दुपारच्या जाहिरातींचा दर रात्रीपेक्षा कमी असतो, म्हणून निर्मितीवरील खर्चही कमी ठेवला जातो. खर्च कमी झाला की तेच दोन दिवाणखाने, तोच जिना आणि एकाच संवादावर तीन वेळा फिरणारा कॅमेरा दिसू लागतो. प्रेक्षकाला हे लगेच कळते.

चौथे कारण मात्र वाहिन्यांनी स्वतः ओढवून घेतलेले आहे. ते म्हणजे विश्वासभंग. स्टार प्लसने एप्रिल २०१७ मध्ये ‘स्टार दोपहर’ या नावाने दुपारच्या चार नव्या मालिकांचा पट्टा मोठ्या गाजावाजाने सुरू केला आणि सुमारे सहा महिन्यांत तो गुंडाळला. दुपारची सवय लागायला वेळ लागतो. ती लागण्याआधीच मालिका बंद झाली, तर पुढच्या वेळी तोच प्रेक्षक नव्या मालिकेत मन गुंतवताना विचार करतो. झी मराठीनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये दुपारी ‘यशोदा – गोष्ट श्यामच्या आईची’ आणि ‘लवंगी मिरची’ या दोन मालिका आणल्या. दोन्ही त्याच वर्षी संपल्या.

अमेरिकेतील अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. ‘जनरल हॉस्पिटल’मधील ल्यूक आणि लॉरा यांचा विवाह नोव्हेंबर १९८१ मध्ये सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला होता. पुढे १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्याच्या थेट प्रक्षेपणासाठी दिवसाच्या मालिका वारंवार बाजूला सारल्या गेल्या. या काळात सवय मोडलेले अनेक प्रेक्षक परतलेच नाहीत, असे या क्षेत्राचे अभ्यासक मानतात. २०१२ पर्यंत तेथील प्रमुख वाहिन्यांवर दिवसाच्या अवघ्या चार मालिका उरल्या.

प्रेक्षक संपलेला नाही

असे असले तरी दुपारचा प्रेक्षकच उरला नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवले, तेव्हा सकाळी आणि भर दुपारीही घरे पडद्यासमोर जमली. लोक घरात अडकलेले होते हे खरे. पण एका ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून कथा पाहण्याची ओढ मोबाइलच्या काळातही शिल्लक आहे, हे त्यातून दिसले.

मराठीतील अधिक नेमके उदाहरण स्टार प्रवाहचे आहे. या वाहिनीने २०२२ च्या आरंभी दुपारी १ वाजता ‘लग्नाची बेडी’ आणि दीड वाजता ‘मुरांबा’ या मालिका सुरू केल्या. जानेवारी २०२३ मध्ये दुपारी २ वाजता ‘शुभविवाह’ची भर पडली. एक मालिका संपली की लगेच दुसरी, असा सलग पट्टा तयार झाला. ‘मुरांबा’ने पुढे हजार भागांचा टप्पा ओलांडला. शशांक केतकर यांच्यासारखा रात्रीच्या मालिकांतून घराघरांत पोहोचलेला कलाकार दुपारी आणणे, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. दुपार ही दुय्यम वेळ नाही, असा संदेश त्यातून गेला. शिवाय नव्या मालिकांना रुजण्यासाठी अवधी दिला गेला.

अमेरिकेतही २४ फेब्रुवारी २०२५ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘बियॉन्ड द गेट्स’ ही दिवसाची नवी मालिका सुरू झाली. १९९९ नंतर तेथील प्रमुख वाहिन्यांवर आलेली ही पहिलीच नवी दैनंदिन मालिका. तिच्या केंद्रस्थानी एक कृष्णवर्णीय कुटुंब आहे. जो प्रेक्षकवर्ग वर्षानुवर्षे निष्ठेने दिवसाच्या मालिका पाहत आला, त्यालाच कथेच्या मध्यभागी आणण्याचा हा प्रयत्न आहे.

खुर्सीपारची दुपार काय सांगते?

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या सर्व भागांतून कामगार येथे आले. तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी अशा भाषांच्या शेजारात विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही स्थिरावली. गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असा लोहमार्ग ओलांडून आलेल्या या घरांची आता तिसरी पिढी वाढते आहे. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, शेजार बहुभाषिक. अशा ठिकाणी आजी दुपारी मराठी मालिका लावते, तेव्हा शाळेतून आलेल्या नातवंडाच्या कानावर सलग अर्धा तास मराठी पडते. दुपारच्या मालिकेचे हे मोल कोणत्याही गुणांकनात मोजले जात नाही.

मोजणीचा प्रश्न येथे कळीचा आहे. देशातील प्रेक्षकसंख्या ‘बार्क’ ही संस्था मोजते. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, सुमारे २३ कोटी दूरचित्रवाणी घरांसाठी केवळ ५८ हजारांच्या आसपास मापनयंत्रे वापरली जातात. मराठी मालिकांची साप्ताहिक क्रमवारी महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेपुरती असते. परिणामी भिलाई, इंदूर किंवा हैदराबाद येथील मराठी घर मालिका कितीही निष्ठेने पाहत असले, तरी तिचे भवितव्य ठरवताना त्याचा आवाज जवळजवळ पोहोचत नाही. दुसरीकडे, फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून त्यांचे पैसे भरण्याची पद्धत लागू झाली. परराज्यातील मराठी कुटुंब मराठी सशुल्क वाहिनी घेते, तेव्हा ती अनेकदा मुद्दाम निवडून घेतलेली असते. असा प्रेक्षक संख्येने थोडा असला तरी निष्ठेने पक्का असतो.

पाळीच्या घरातील दुपार सरळ नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे. कामगार पहिल्या पाळीला असेल, तर दोनच्या ठोक्यानंतर घरात जेवणाची घाई सुरू होते आणि मालिकेचा शेवट वाढण्यात बुडतो. दुसऱ्या पाळीला असेल, तर बारापासूनच डब्याची धावपळ असते. तिसरी पाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो, म्हणून दूरचित्रवाणीचा आवाज बारीक ठेवावा लागतो. पाळी बदलली की घरातील दुपारही बदलते.

टिकवण्याचे उपाय

या परिस्थितीतून काही उपाय आपोआप पुढे येतात. पहिला, कथा ऐकूनही कळली पाहिजे. दुपारचा प्रेक्षक भाजी निवडत, कपडे घडी करत मालिका पाहतो. त्याची नजर पडद्यावर कमी आणि कान अधिक असतात. नभोवाणीतून आलेल्या या प्रकाराचा मूळ गुण म्हणजे अर्थपूर्ण, नेमका संवाद. ढोल-नगाऱ्यासारखे पार्श्वसंगीत आणि मूक चेहऱ्यांवर फिरणारा कॅमेरा या प्रेक्षकाला काहीच देत नाही. झोपलेल्याची झोपमोड तेवढी करतो.

दुसरा, एखादा भाग चुकला तरी धागा हाती लागला पाहिजे. त्यासाठी आरंभी अर्ध्या मिनिटाचा सुबोध गोषवारा पुरतो. मात्र भाग चुकला तरी काही बिघडत नाही, इतके पाणी कथेत घालता कामा नये. रोज थोडे तरी घडले पाहिजे.

तिसरा, वेळ मोडू नये. क्रिकेटचे सामने, पुरस्कार सोहळे किंवा नव्या मालिकेची जाहिरात यांसाठी दुपारच्या मालिकेची वेळ वारंवार हलवली, तर सवय तुटते. त्याचबरोबर तोच भाग त्याच दिवशी आणखी एका ठरलेल्या वेळी आणि मोबाइलवरही मिळावा. ठरलेली वेळ आणि सोयीची वेळ, दोन्ही सांभाळणाऱ्या मालिकेलाच पाळीच्या घरात जागा मिळेल.

चौथा, शेवट ठरवून कथा सुरू करावी. अडीचशे किंवा तीनशे भागांची, आधीच आखलेली कथा पूर्ण करून सन्मानाने थांबणे, हे गुण घसरताच मध्येच गाशा गुंडाळण्यापेक्षा कितीतरी बरे. कथा पूर्ण होणार, ही हमी मिळाली तर प्रेक्षक पुढच्या मालिकेलाही वेळ देतो.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे दुपारी पाहणाऱ्यांना पडद्यावर स्थान देणे. परिचारिका, शिलाईकाम करणारी, अंगणवाडी सेविका, पाळीवर जाणाऱ्याची पत्नी, परराज्यात वाढलेली मराठी मुलगी, अशी माणसे मराठी मालिकांत नायिकेच्या जागी विरळाच दिसतात. ‘शांती’ आणि ‘दामिनी’ यांनी तीन दशकांपूर्वी दुपारच्या प्रेक्षकाला घराबाहेरचे जग दाखवले होते. आजच्या प्रेक्षकाने ते जग स्वतः पाहिले आहे. त्याला आता त्या जगातील आपले कष्ट आणि आपले प्रश्न कथेत दिसायला हवे आहेत.

दुपारी दोन वाजता प्रकल्पाची पाळी बदलते आणि सायकली, दुचाकी खुर्सीपारच्या गल्ल्यांत शिरू लागतात. त्या वेळी कोणाच्या घरात कोणती वाहिनी सुरू आहे, हे मोजणारे यंत्र कदाचित तेथे नसेल. तरीही ज्या मालिकेला दुपारचा प्रेक्षक परत हवा आहे, तिने याच घरांचे घड्याळ समोर ठेवून आपली वेळ आणि आपली कथा लावणे हिताचे ठरेल.