मदत येईपर्यंतची मिनिटे

पुण्याला समुद्र नाही, पण बोटींचा नाद जुना आहे. बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची परंपरा १९२८ पासूनची, आणि तिथल्या रेगाटाला आजही गर्दी लोटते. दापोडीला लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, सीएमईमध्ये, रोइंगचे केंद्र आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेला रोइंगपटू दत्तू भोकनळ लष्कराच्या याच पुण्यातल्या केंद्रात घडला.

रोइंगच्या या जगात सुरक्षेचा विचार होडीच्या बांधणीतच केलेला असतो. शर्यतीच्या होडीच्या टोकाला छोटा पांढरा रबरी चेंडू असतो. टक्कर झालीच, तर ते अणकुचीदार टोक माणसात घुसू नये, एवढ्यासाठी. बूट होडीलाच पक्के बसवलेले असतात, पण टाचेला दोरी बांधलेली असते. होडी उलटली की त्या दोरीच्या ताणाने पाय बुटातून सुटतो. नवख्याला सुरुवातीलाच बजावतात, उलटलात तर होडी सोडू नका, काठ जवळ दिसला तरी पोहत निघू नका. खेळाडू सहसा लाइफ जॅकेट घालत नाहीत, म्हणून प्रशिक्षकाची मोटरबोट जवळपास असावी लागते. चेंडू, दोरी, जवळ असलेली बोट, या सगळ्यामागे एकच गृहीत आहे: अपघात होणार, आणि पहिली काही मिनिटे आपली आपल्यालाच काढावी लागणार.

बहुसंख्य पुणेकर मात्र बोटीत बसतात ते पानशेतला, भिगवणला फ्लेमिंगो पाहायला, मांडव्याला, घारापुरीला, तारकर्लीला. तिथे आपण तासाभराचे पाहुणे. आपल्याला कोणी काही शिकवत नाही आणि आपणही विचारत नाही. गेल्या काही वर्षांतले अपघात ओळीने आठवले, तर या न विचारण्याची किंमत कळते.

१३ जानेवारी २०१८, डहाणू. सहलीची बोट उलटली, तीन विद्यार्थिनी गेल्या. १४ मार्च २०२०, मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला निघालेली प्रवासी बोट ‘अजंठा’ धक्का जवळ आला असताना बुडू लागली. पोलिसांची गस्ती नौका तिथेच होती, म्हणून सगळे, ८८ प्रवासी, वाचले. त्या दिवशी पोलिसांनी केलेले काम फार मोठे होते. पण गस्ती नौका अर्धा तास लांब असती तर काय, हा प्रश्न तेव्हाच जोरात विचारायला हवा होता. सगळे वाचले म्हणून तो मागे पडला. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट बुडाली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या.

मग २१ मे २०२४, उजनी. हे पुण्याच्या अगदी उंबरठ्यावरचे. करमाळ्याच्या बाजूचे कुगाव आणि इंदापूरच्या बाजूचे कळाशी यांच्यामध्ये भीमेचे अडवलेले पाणी पसरलेले आहे. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे होडीने जातात. त्या संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि सात जणांची होडी उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुले होती. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर वळवाचे ढग येतात, हे त्या काठावर कोणाला सांगायला नको. उघड्या जलाशयात वाऱ्याला अडवायला काही नसते. पाहता पाहता लाटा उठतात आणि उथळ होडीत एका बाजूने पाणी आले की माणसे घाबरून दुसऱ्या बाजूला सरकतात. ही सहल नव्हती, रोजची ये-जा होती. पण याच जलाशयाच्या वरच्या अंगाला, कुंभारगाव-डिकसळकडे, हौशी पर्यटक तशाच होड्यांतून पक्षी पाहायला जातात.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीच्या वाटेवर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट धडकली. पंधरा माणसे गेली. बोटीची परवानगी ८४ प्रवाशांची, आणि वर शंभराहून अधिक. वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले की धडक बसली तेव्हा अंगात जॅकेट नव्हते. इथेही बाहेर काढले ते जवळ असलेल्या बोटींनीच. ‘रामदास’ ही प्रवासी बोट १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा मुंबईला बातमी पोचण्यातच कित्येक तास गेले होते, आणि वाचवायला धावले ते रेवसकडचे कोळी.

म्हणून जॅकेटचा आग्रह. बुडणाऱ्या माणसाला तरंगत ठेवायला फार जोर लागत नाही, कारण शरीराचे बहुतेक वजन पाणीच पेलते. पन्नास न्यूटनचे, म्हणजे साधारण पाच किलोची उचल देणारे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला पुरते. बेशुद्ध माणसाला उताणे करून तोंड पाण्याबाहेर ठेवायचे, तर शंभर न्यूटन किंवा जास्त लागतात. दोन्ही जॅकेटे दिसायला सारखीच केशरी. बक्कल नसलेले, पट्टा तुटलेले, मोठ्या माणसाचे मुलाला चढवलेले जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून वर येते आणि मूल खाली राहते. छताला दोरीने बांधून ठेवलेल्या जॅकेटांचा ढीग तपासणीला पुरतो. बोट कलंडल्यावर त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

‘नीलकमल’नंतर गेटवेला जॅकेट घालण्याची सक्ती झाली. समुद्रावर निदान मेरिटाइम बोर्ड आहे, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. धरणांवर कोण? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा बाजूला केला आणि बिनयंत्राच्या होड्यांची नोंद स्थानिक संस्थांकडे सोपवली. म्हणजे ग्रामपंचायतीच्या हातात काहीतरी आहे. होडीच्या अंगावर किती माणसे ते ठळक रंगवणे, तेवढी धड जॅकेटे आणि त्यांत मुलांची वेगळी, वारा सुटला की फेरी बंद. हे उजनीच्या काठावर, पानशेतला, मुळशीला करायला निधी थोडाच लागतो. २५ जुलै २०२४ ला मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरले, लष्कराला बोलवावे लागले, आणि भर शहरात होडीची गरज पडली. तेव्हापासून हा विषय केवळ सहलीला जाणाऱ्यांचा आणि धरणाकाठच्यांचा राहिलेला नाही. येत्या हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला भिगवणला गेलात, तर होडीत पाय ठेवण्याआधी मुलाच्या मापाचे जॅकेट मागा, आणि नसेल तर काठावरूनच पक्षी पाहा.