मधुमेहातील न भरणारी जखम : मलमाचे स्थान कोणते?

मधुमेही व्यक्तीच्या तळपायाला झालेली बारीकशी जखम आठवडे उलटले तरी भरून येत नाही, तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती मलमाची. कोणी हळद सुचवतो, कोणी मध. कोणी मायदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाकडून एखादी ट्यूब मागवून घेतो. ही काळजी स्वाभाविक आहे. पण जखम का भरत नाही, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायाच्या चेतातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. टोचल्याचे कळत नाही, दुखत नाही. म्हणून रुग्ण त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो. याचा उलगडा पूर्वी कुष्ठरोगाच्या अभ्यासातून झाला. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झालेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांचे पाय रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना हरपलेल्या पायावर पुनःपुन्हा पडणारा भार त्यांचा घात करतो. पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून जखमेवरील भार इतरत्र वाटून देण्याची पद्धत पुढे मधुमेही पायासाठीही रूढ झाली. तळव्याच्या जखमेवर आजही इतका परिणामकारक उपाय क्वचितच दुसरा असेल, आणि त्यात औषधाचा थेंबही नाही.

भार हलवणे, रक्तपुरवठा तपासून आवश्यक तर तो सुधारणे, जंतुसंसर्ग आवरणे आणि मृत ऊती काढून टाकणे एवढे झाल्यावर मग जखमेवर काय लावावे याचा विचार येतो.

अशा जखमेत दाह शमत नाही. प्रथिने तोडणारी विकरे नव्याने तयार होणारी ऊती नष्ट करत राहतात. या विकरांना रोखणाऱ्या सुक्रोज ऑक्टासल्फेटयुक्त पट्टीची चाचणी युरोपात २४० रुग्णांवर झाली. वीस आठवड्यांत या पट्टीने ४८ टक्के जखमा पूर्ण भरल्या, साध्या पट्टीने ३० टक्के. मधुमेहाच्या जखमेवर साखरेपासून बनलेला पदार्थ गुणकारी ठरावा, हा योगायोग गमतीचा खरा. पण स्वयंपाकघरातील साखरेशी त्याची गल्लत करू नये. शिवाय या चाचणीतील जखमांना जंतुसंसर्ग नव्हता, आणि उत्तम पट्टी लावूनही निम्म्याहून अधिक जखमा त्या मुदतीत भरल्या नाहीत.

वाढघटक असलेले बेकाप्लेर्मिन जेल अमेरिकेत १९९७ मध्ये संमत झाले. कर्करोगाच्या शंकेने २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापावा लागला. तो २०१८ मध्ये काढण्यात आला. भारतात फेनिटॉइनची पूडही वापरली जाते. हे अपस्माराचे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढतात, यावरून ते जखमेवर वापरण्याची कल्पना सुचली. मात्र मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने जखम भरावी म्हणून फेनिटॉइन, मध किंवा वनौषधीयुक्त पट्ट्या वापरू नयेत असे म्हटले आहे. या सर्व वस्तू अपायकारकच आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे. तैवान, चीन आणि अमेरिकेत पानओवा आणि मंडूकपर्णी या आपल्या परिचयाच्या वनस्पतींपासून केलेल्या क्रीमची २३६ रुग्णांवर चाचणी झाली. सोळा आठवड्यांत सुमारे ६१ टक्के जखमा भरल्या, तर नेहमीच्या पट्टीने ३५ टक्के. निष्कर्ष आशादायक आहे. पण ते प्रमाणित औषध होते. कुंडीतील पानओव्याचा लगदा जखमेवर थापण्यास त्याचा आधार घेता येत नाही. हळदीचेही तसेच: डब्यातील पूड निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळेपणाखाली पसरत जाणारी लाली दिसेनाशी होते.

परक्या देशात डॉक्टरांची वेळ मिळायला लागणारा विलंब अनेकांना घरगुती उपायांकडे वळवतो. पण पायाच्या जखमेसाठी बहुधा वेगळी वाट असते. इंग्लंडमधील नाइस संस्थेच्या मार्गदर्शनानुसार मधुमेहीच्या पायाला जखम आढळताच एका कामकाजाच्या दिवसात त्याला पादचिकित्सेच्या पथकाकडे पाठवायचे असते. जखमेभोवती लाली पसरणे, दुर्गंधी, काळवंडलेली कातडी किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर तेवढेही न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.