स्पंज लोखंड आणि रायपूरची हवा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले व रायपूर राजधानी झाले. दल्ली-राजहरा व बैलाडिला येथील लोहखनिज, कोरब्याचा कोळसा आणि मुंबई-हावडा लोहमार्ग यांच्या आधारे शहराजवळच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत स्पंज लोखंडाचे अनेक कारखाने उभे राहिले. रोजगार वाढला, तसे प्रदूषणही वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या आकडेवारीत रायपूरच्या हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) वार्षिक सरासरी घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम होती, राष्ट्रीय मानकानुसार ही मर्यादा ४० आहे. वाहने, रस्त्यांवरील धूळ व उघड्यावरील जाळपोळ यांचाही यात वाटा असतो. तथापि उद्योगांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

लोहखनिज, कोळसा व डोलोमाइट फिरत्या भट्टीत सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमानाला तापवले असता खनिजातील प्राणवायू निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड उरते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने भट्टीतील वायूबरोबर मोठ्या प्रमाणात धूळ बाहेर पडते. हा वायू स्थिरविद्युत अवक्षेपकातून नेल्यास विद्युतभारित पट्ट्यांवर बहुतांश धूळ अडकते. परंतु हे यंत्र वीज खाते व त्यातून उत्पन्न काहीच मिळत नाही. ते बंद राहिल्यास, अथवा आणीबाणीसाठी असलेले धुराड्याचे झाकण विनाकारण उघडल्यास, काळा धूर थेट आसमंतात मिसळतो. आसपासच्या गावांतील भातशेती, तलाव व घरांची छपरे यांवर काजळी साचते आणि श्वसनविकारांचा धोका वाढतो.

कोळशावर चालणाऱ्या या भट्ट्यांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये उत्सर्जनाची मानके अधिसूचित केली. मात्र यंत्र बसविणे आणि ते अहोरात्र चालविणे यांत अंतर आहे. वायूच्या उष्णतेपासून वीज निर्माण करणारा बाष्पक हे अंतर काही अंशी कमी करतो. दररोज १०० टन उत्पादनाच्या भट्टीमागे सुमारे २ मेगावॅट वीज मिळू शकते. झाकण उघडले की ही वीज बुडते. म्हणजे ते बंद ठेवण्यातच कारखानदाराचे हित असते. अवक्षेपकाच्या बाबतीत मात्र हा लाभ पुरेसा नाही. तेथे देखरेखच हवी. त्यासाठी धुराड्यावरील अखंड मापन आणि अवक्षेपकाच्या वीजवापराची स्वतंत्र नोंद उपयुक्त ठरते.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूर, भिलाई व कोरबा या शहरांचा समावेश झाला. या नोंदी ग्रामसभेलाही सहज पाहता आल्या, तर रात्रीच्या अंधारात सोडलेला धूर लपून राहणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुससारख्या ठिकाणीही हाच उद्योग असल्याने रायपूरचा हा धडा महाराष्ट्रालाही मोलाचा आहे. लोखंड देशाला हवेच. पण त्याची किंमत शेजारच्या गावाने आपल्या श्वासाने चुकवू नये.