दंडाचे हाड, दोन छोटे छेद

जालना एमआयडीसी म्हणजे बांधकामाच्या सळयांचे आगर. रोलिंग मिलमध्ये जड माल अंगावर आला, की दंडाचे हाड मोडू शकते. प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही. अशी बरीच हाडे ब्रेसच्या आधारानेही जुळतात.

प्लेट बसवायची झाली, तर पूर्वी लांब छेद घेऊन हाड उघडे करत. आता बऱ्याचदा खांद्याजवळ आणि कोपराच्या वर ३-४ सेंटिमीटरचे दोन छेद घेतात. म्यानात तलवार सरकवावी तशी प्लेट स्नायूखालून हाडालगत सरकवतात. सी-आर्म एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हाड सरळ रेषेत आणून दोन्ही टोकांना स्क्रू पिळतात. मोडलेली जागा उघडावी लागत नसल्याने हाडावरच्या आवरणाचा रक्तपुरवठा टिकतो आणि नवे हाड धरते. प्लेट असते ३१६एल स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची.

मोठी जोखीम रेडियल नर्व्ह या नसेला इजा होण्याची. ती हाडाला मागून वळसा घालते. प्लेट सरकवताना रुग्णाचा तळहात वर वळवला, की ती काहीशी दूर राहते.

अपघातानंतर मनगट वर उचलता येत नसेल, तर हीच नस दुखावलेली असू शकते; डॉक्टरांना लगेच सांगा. आणि विडी-सिगारेट सोडा. धूम्रपानाने हाड जुळायला वेळ लागतो.