वणव्याच्या वाटेवरचं घर

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात वणव्यात घर जळतं, ते बहुतेक वेळा ज्वाळांच्या लोंढ्यात सापडून नव्हे. तो लोंढा काही मिनिटांत पुढे सरकतो. घराला आग लावतात ते वाऱ्यावर उडत आलेले निखारे. वणवा पोचण्याच्या बराच आधीपासून ते पडू लागतात आणि तो निघून गेल्यावरही तासन्‌तास पडत राहतात. पन्हळीत साठलेला पाचोळा, छपराच्या पत्र्याखालची बोटभर फट, उंबऱ्यापुढचं काथ्याचं पायपुसणं, यांतल्या कुठेही एक निखारा टेकला की तो धुमसू लागतो. मग आढ्याची लाकडं धरतात आणि डोंगरावरची आग ओसरत आलेली असताना इकडे अख्खं घर पेटतं.

हे नीट उमजायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १६ फेब्रुवारी १९८३ या दिवसाला तिथे ‘अ‍ॅश वेन्सडे’ म्हणतात. त्या दिवशीच्या वणव्यांत व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत ७५ माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक घरं जळाली. त्यानंतर सीएसआयआरओ या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेचे आणि इतरही संशोधक जळलेल्या वस्त्यांतून घरोघर फिरले. कुठलं घर गेलं, कुठलं राहिलं, छप्पर कशाचं होतं, झाडं किती जवळ होती, आत कोणी होतं का, अशा नोंदी त्यांनी केल्या. एकट्या माउंट मॅसिडॉन परिसरात साडेचारशेच्या आसपास घरं तपासली गेली. शेजारशेजारच्या दोन घरांपैकी एक राख होतं आणि दुसरं उभं राहतं, याची बरीचशी कारणं साधी आणि माणसाच्या हातातली असतात, हे या कामातून दिसलं. या नोंदी मला अग्निशास्त्रातल्या सर्वांत मोलाच्या ऐवजांपैकी वाटतात.

निखाऱ्यांचा पुरवठा करते ती निलगिरी. आपण ती रस्त्याकडेला आणि बांधावर लावलेली पाहतो. तिच्या मायदेशी तिच्या सातशेहून अधिक जाती आहेत. स्ट्रिंगीबार्क जातींची साल तंतुमय असते आणि पेटून चिंध्यांसारखी उडते. रिबन गमसारख्या झाडांची साल लांब पट्ट्यांनी सोलून फांद्यांवरून लोंबत राहते. आगीच्या तापलेल्या झोतात या जळत्या पट्ट्या उंच चढतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे ‘ब्लॅक सॅटर्डे’ला, त्यांनी मुख्य आगीपासून ३० किलोमीटरहून अधिक अंतरावर नवे वणवे लावले. आपल्याकडे वन खातं गवत जाळून किंवा साफ करून जाळरेषा काढतं. जमिनीवरून सरपटणारी आग त्या पट्ट्याशी अडते, पण डोक्यावरून उडत येणारा निखारा अडत नाही. म्हणून तिथल्या शेतघराची खरी राखण शिवारापेक्षा घराच्या अंगावर करावी लागते.

ती वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरात सुरू होते. आधी पन्हळी साफ करायच्या. मग छपराचे सांधे, वाशांमधल्या मोकळ्या जागा, जोत्यातली हवेची भोकं, खिडक्यांच्या चौकटी हे सगळं एकेक करून तपासायचं. भोकं बुजवून टाकली तर घर कुजतं, म्हणून त्यांवर जाळी बसवतात. ती धातूचीच हवी, पोलादाची, काशाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिचं छिद्र २ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकची डासांची जाळी निखाऱ्याच्या एका स्पर्शाने वितळते. लाकडी ओट्याच्या फळ्यांमधल्या चिरा आणि ओट्याखाली सरपण रचून ठेवायची सवय, या दोन्ही गोष्टी घातकी आहेत. सरपणाचा ढीग उन्हाळ्यापुरता घरापासून लांब न्यावा लागतो. गॅसच्या सिलिंडरची सुरक्षा झडप भिंतीकडे असेल तर ती फिरवून घराबाहेरच्या दिशेला करायची. नाहीतर तापल्यावर सुटलेल्या वायूची ज्वाळा थेट घरावर येते.

निखाऱ्यानंतरचा शत्रू म्हणजे आगीची धग. भर दुपारचं ऊन प्रत्येक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट उष्णता टाकतं. ऑस्ट्रेलियाच्या बांधकाम मानकात, एएस ३९५९ मध्ये, जागेचा धोका याच मापाने ठरतो. १२.५, १९, २९ आणि ४० अशा पायऱ्या आहेत आणि त्यापलीकडे थेट ज्वाळांचा पट्टा, ‘फ्लेम झोन’. २९ च्या जागी घर बांधणं म्हणजे दुपारच्या उन्हाच्या एकोणतीसपट धग गृहीत धरून बांधणं. अशा धगीत साधी काच तडकते आणि त्या वाटेने निखारे थेट दिवाणखान्यात शिरतात, म्हणून टफन्ड काच, धातूच्या झडपा आणि न जळणाऱ्या भिंती लागतात. उतारही मोजला जातो. चढावर दर १० अंशांमागे वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा तिथल्या अग्निशमन दलांचा पाठ असलेला आडाखा आहे. डोंगरमाथ्यावरच्या, सुंदर देखाव्याच्या घरांना सर्वांत जास्त धोका असतो तो याचमुळे.

आवारात झाडं असावीत, पण जळणाची शिडी नसावी. गवत, त्यावर झुडूप, झुडपावर खालची फांदी, फांदीवर शेंडा, अशा पायऱ्यांनी आग वर चढते. म्हणून गवत १० सेंटिमीटरच्या आत ठेवायचं, झाडांखालची झुडपं काढायची, खालच्या फांद्या २ मीटरपर्यंत छाटायच्या आणि छपरावर फांदी येऊ द्यायची नाही. २००९ च्या वणव्यांनंतर व्हिक्टोरियाने जो नियम केला, त्यानुसार ठरावीक भागांत घरापासून १० मीटरच्या आतली झाडं आणि ३० मीटरच्या आतलं झुडूप परवान्याशिवाय काढता येतं.

पाण्याचा प्रश्न सर्वांत फसवा. गावाबाहेरची बहुतेक घरं पावसाच्या पाण्याच्या टाकीवर चालतात आणि टाकीतलं पाणी विजेच्या पंपाने नळाला येतं. वणव्यात वीज जाते, म्हणजे टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. कंट्री फायर ऑथॉरिटी ही व्हिक्टोरियातली, मुख्यतः स्वयंसेवकांवर चालणारी संस्था. घर लढवायचं असेल तर निदान १०,००० लिटर पाणी राखून ठेवा, असं ती सांगते. टाकी काँक्रीटची किंवा धातूची बरी. पंप डिझेलचा असलेला चांगला, कारण प्रचंड उष्णतेत पेट्रोलची नळीतच वाफ होऊन इंजिन बंद पडतं. पंपाभोवती आडोसा हवा आणि प्लास्टिकचे नळ जमिनीत खोल पुरलेले हवेत. पन्हळीचीही एक युक्ती आहे. वाळू भरलेला मोजा उतरत्या नळीच्या तोंडात कोंबायचा आणि पन्हळ काठोकाठ पाण्याने भरून टाकायची. पाच मिनिटांचं काम, पण तिथे पडणारा प्रत्येक निखारा विझतो.

आणि आग येणार कुठल्या बाजूने? ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातल्या वाईट दिवशी सकाळपासून वाळवंटाकडून उत्तरेचा तापलेला वारा वाहतो आणि वणव्याचा लांबट, अरुंद पट्टा आग्नेयेकडे धावतो. संध्याकाळकडे समुद्रावरून थंड हवेची आघाडी येते. गार वाऱ्याने जिवाला बरं वाटतं, पण तीच घटका सर्वांत भयंकर असते. वारा नैर्ऋत्येचा होतो आणि त्या पट्ट्याची कित्येक किलोमीटर लांबीची कडच वणव्याचं तोंड बनते. ब्लॅक सॅटर्डेला मेरीझव्हिल हे गाव असं वारा फिरल्यावर सापडलं आणि जवळजवळ पुरतं जळालं. म्हणून तयारी घराच्या चारी अंगांनी करावी लागते.

जनावरांसाठी चरून उघडं पडलेलं, पाणी असलेलं कुरण आधीच राखायचं. त्यांना मोकळं सोडताना रस्त्यावर मात्र येऊ द्यायचं नाही. घोड्यांच्या पाठीवरच्या झुली आणि तोंडावरच्या म्होरक्या काढायच्या. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि धातूच्या कड्या चटके देतात.

घर लढवायला मागे राहणाऱ्यांनी अंगभर लोकरी किंवा जाड सुती कपडे घालायचे, पडदे उतरवायचे, न्हाणीघरातला टब भरून ठेवायचा आणि छतातल्या झरोक्याखाली शिडी लावायची, म्हणजे आग पुढे सरकताच माळ्यावर डोकावता येतं. पण याला अंगात ताकद असलेली, मन खंबीर असलेली निदान दोन माणसं लागतात. ब्लॅक सॅटर्डेला १७३ माणसं दगावली, त्यांपैकी ११३ घरांच्या आत. त्या दिवशी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला होता. तोवरचा उपदेश होता, ‘तयारी करा आणि थांबून लढा, नाहीतर लवकर निघा.’ शाही चौकशी आयोगाने तो कसून तपासला, आणि अतिभीषण दिवसांसाठी लवकर निघणं हाच पर्याय पुढे आला.

सप्टेंबर २०२२ पासून देशभर धोक्याच्या चार पायऱ्या जाहीर होतात: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली की घर कितीही सज्ज असो, आदल्या रात्री किंवा पहाटेच निघायचं. धूर दिसल्यावर निघालेली गाडी रस्त्यात पडलेल्या झाडापाशी अडकते. मेलबर्न-सिडनीच्या डोंगरकडेच्या उपनगरांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ही पायरी आपल्या पत्त्यासाठी रोज कुठे पाहायची, ते पहिल्याच उन्हाळ्यात शिकून घ्यावं.

वसंतात केलेल्या कामाचं खरं मोल अशा पहाटे कळतं. जाळीला, साफ पन्हळीला, छाटलेल्या फांदीला माणूस लागत नाही. घरात कोणी नसतानाही त्या आपलं काम करतात. जाताना खिडक्या-दारं लावायची, गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा, पायपुसणी आणि वेताच्या खुर्च्या आत घ्यायच्या. फाटकाला कुलूप घालायचं नाही. आतल्या रस्त्याची रुंदी ४ मीटर आणि वरची मोकळीक ४ मीटर असेल, तर अग्निशमन दलाची टाकीगाडी आत येऊन घराशेजारच्या टाकीतून पाणी भरून घेऊ शकते.