फॉर्म ‘सबमिट’ केल्यावर माहितीचं पुढे काय होतं?



शाळा सुरू झाली की ऑनलाइन फॉर्मही सुरू होतात. विद्यार्थी नोंदणी, शिष्यवृत्ती, बँक खातं, आधार. आपण चौकटी भरतो, ‘सबमिट’ दाबतो. कधी हिरवी खूण येते, तर कधी लाल अक्षरांत ‘अवैध माहिती’. मधल्या एक-दोन सेकंदांत काय घडतं, ते आज पाहू. ते कळलं की फॉर्म आपली चूक कुठे पकडतो आणि कुठे पकडूच शकत नाही, हेही लक्षात येतं.

१) पाठवताना सगळा मजकूरच असतो

पडद्यावर आपल्याला वेगवेगळ्या चौकटी दिसतात. पण साध्या वेब फॉर्ममधून सर्व्हरकडे जाते ती एक सलग ओळ, साधारण अशी:

नाव=सायली&जन्मतारीख=२०१८-०६-०५&गुण=१२

इथे ‘१२’ ही अजून संख्या नाही. ‘१’ आणि ‘२’ ही शेजारी बसलेली दोन अक्षरं आहेत. अशा मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. मजकूर म्हणून ‘१२’ आणि ‘५’ जोडले तर १७ येत नाही, ‘१२५’ येतं! तुलना केली तर ‘९’ हा ‘१०’ पेक्षा मोठा ठरतो आणि ‘१००’ पेक्षाही, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

२) मॅपिंग म्हणजे रजिस्टरमध्ये उतरवणं

पालकांनी चिठ्ठीवर माहिती लिहून दिली, तर आपण ती तशीच चिकटवत नाही. जनरल रजिस्टरच्या रकान्यांत उतरवतो. सर्व्हरवरचा प्रोग्रॅमही तेच करतो. ‘विद्यार्थी’ नावाचा एक साचा आधीच ठरलेला असतो: नाव हा मजकूर, जन्मतारीख ही तारीख, गुण ही संख्या. आलेला प्रत्येक तुकडा योग्य रकान्यात नेणं म्हणजे मॅपिंग. भरून तयार झालेली ती नोंद म्हणजे ‘ऑब्जेक्ट’.

उतरवताना प्रकार बदलावा लागतो आणि खरी गंमत तिथेच आहे.

• आकडे दिसले म्हणजे संख्या नव्हे. यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तर दिल्लीचा ०७ ने. तो संख्या म्हणून साठवला की सुरुवातीचं शून्य गळून पडतं. एक्सेलमध्ये आधार क्रमांक टाकल्यावर ‘ई+११’ असं काहीतरी विचित्र दिसतं, ते याच कारणाने. सोपा नियम: ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, तो मजकूर.

• रिकामं म्हणजे शून्य नव्हे. गैरहजर मुलाची गुणांची चौकट रिकामी असते. प्रोग्रॅमने तिचं शून्य केलं, तर न दिलेल्या परीक्षेत ते मूल नापास होतं.

• टिक न केलेली चौकट काहीच पाठवत नाही. ‘दिव्यांग आहे का?’ यापुढे टिक नसेल, तर सर्व्हरला ‘नाही’ असं कळत नाही. त्याला तो प्रश्नच दिसत नाही. उत्तर ‘नाही’ आहे की विचारायचं राहून गेलं? म्हणून अशा ठिकाणी ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन्ही पर्याय द्यावेत. एका मुलाची सवलत त्यावर अवलंबून असू शकते.

• देवनागरी अंक. आपल्या मुलांना १२ म्हणजे बारा. संगणकासाठी मात्र देवनागरी आणि इंग्रजी अंक ही वेगवेगळी अक्षरं आहेत. पायथॉन भाषा देवनागरी ‘१२’ ची संख्या करून देते, जावास्क्रिप्टला ते जमत नाही. मराठी फॉर्म बनवणाऱ्याने याचा आधीच विचार करायला हवा.

३) व्हॅलिडेशन म्हणजे तपासणी

प्रकार बदलला, आता तपासणी. ती तीन पायऱ्यांत समजून घेऊ.

पहिली, आकार. मोबाइल क्रमांक १० अंकी आहे का? आयएफएससी कोड ११ अक्षरांचा आहे का, त्यात पाचव्या जागी शून्य आहे का?

दुसरी, शक्यता. ३० फेब्रुवारी अशी तारीख नसतेच. इथे प्रोग्रॅमने ती नाकारायला हवी. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे आकडे देऊन २०१८ ची ३० फेब्रुवारी मागितली, तर ती मुकाट्याने २ मार्च होते! असा परस्पर बदल चुकीपेक्षा घातक, कारण तो कुणाला दिसतच नाही.

तिसरी, आपसातला मेळ. इयत्ता पहिली आणि जन्म गेल्या वर्षीचा, हे जुळत नाही.

आधारची तपासणी तर सुंदर आहे. १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने ठरतो. ही रीत व्हरहूफ या डच गणितज्ञाची, १९६९ सालची. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती लगेच पकडते.

४) तपासणी सर्व्हरवर का?

ब्राउझरमधली तपासणी आपल्या सोयीसाठी असते, चूक लगेच दिसावी म्हणून. पण ती कुणीही चुकवू शकतो. म्हणून सर्व्हरने पुन्हा तपासायलाच हवं. शिवाय फॉर्ममध्ये नसलेला रकानाही कुणी पाठवू शकतो. चिठ्ठीच्या तळाशी कुणी ‘फी माफ: होय’ असं लिहून दिलं, तर आपण ते रजिस्टरमध्ये उतरवू का? नाही ना! मार्च २०१२ मध्ये गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळावर अशाच जास्तीच्या रकान्यामुळे एका वापरकर्त्याला नको तिथे प्रवेश मिळाला होता. म्हणून ठरलेलेच रकाने घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे.

५) यंत्राला न दिसणारी चूक

समजा, दोन भावंडांचे आधार क्रमांक अदलाबदल होऊन भरले गेले. दोन्ही १२ अंकी, दोन्हींचा शेवटचा अंक बरोबर. वरच्या तिन्ही पायऱ्या पार! नाव आणि क्रमांक यांचा मेळ आधारच्या नोंदीशी घातला, तरच चूक सापडेल. जन्मतारीख ५ जूनऐवजी ६ मे पडली, तरी तीही वैधच तारीख आहे. हिरवी खूण एवढंच सांगते की माहिती साच्यात बसली. ती खरी आहे की नाही, हे मूळ कागद हातात असलेल्या माणसालाच कळतं. म्हणून पालकहो, शेवटचं बटण दाबण्याआधी दाखला आणि पडदा शेजारी धरून एकेक ओळ मोठ्याने वाचा. दोन मिनिटं लागतात. पुढे दुरुस्तीसाठी मारावे लागणारे हेलपाटे वाचतात.

वर्गात करून पाहा

चौथी-पाचवीच्या मुलांना कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःची माहिती लिहायला सांगा. एक गट ‘मॅपिंग’ करणारा, म्हणजे रकान्यांत उतरवणारा. दुसरा गट ‘तपासनीस’. नियम मुलांनीच ठरवायचे. चिठ्ठी परत करताना ‘चूक आहे’ एवढंच म्हणायचं नाही. ‘जन्मतारखेत महिना १३ लिहिला आहे, १ ते १२ मधला लिही’ असं नेमकं सांगायचं. चांगल्या फॉर्मनेही चूक अशीच दाखवायला हवी.